बुटांचं बोलायचं नाही

त्या हिवाळ्यात मी सुट्टीवर दारव्ह्याला घरी आले, तेव्हा माझ्या खोलीत कापूस राहायला आला होता. फरशीपासून थेट पंख्यापर्यंत. भाव चढतील या आशेवर बाबांनी तो विकला नव्हता. आधी कोठीची खोली भरली, मग मधली भरली, आणि शेवटी माझी उरली होती ती भरली. माझ्या पलंगाचा एक कोपरा तेवढा ढिगातून बाहेर आलेला. मी बॅग घेऊन दारात उभी, तर आई म्हणाली, "पाहून काय राह्यली? तू काय, चार दिसाची पाहुनी. हॉलमंधी झोप."

हॉलमध्ये म्हणजे टीव्हीसमोर. बाबा उजाडायच्या आत तिथे बातम्या लावतात, आणि स्वयंपाकघरात, न्हाणीत, रस्त्यावर, कुठेही जायचं तरी वाट तिथूनच. कापूस घरात असला की नाकात तंतू जातात आणि मानेला खाज सुटते. लहानपणी आम्ही त्याच ढिगांत उड्या मारायचो, तेव्हा काही होत नसे. आता मात्र पहिल्याच दिवशी मला वाटलं, या घरात मला श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही.

एकच बॅग असती तरी निभावलं असतं. पण सोबत एक मोठी पिशवी होती आणि तिच्यात बूट होते.

माझं काम बुटांचं आहे. चेन्नईच्या पलीकडच्या एका कारखान्यात मी स्नीकरचं डिझाईन करते. सोल कुठे जाड हवा, टाचेला आधार कुठून द्यायचा, शिवण कशी वळवली म्हणजे करंगळीला लागणार नाही, हे सगळं आधी कागदावर, मग कंप्युटरवर आणि मग हातानं करून बघायचं. चांगला बूट तो, जो घातल्यावर माणूस विसरून जातो. इतकी मेहनत करून विसरलं जायचं, असं हे काम आहे आणि मला ते फार आवडतं. ते सोडून मी दुसरं काही करते आहे, असं मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

दारव्ह्यात मात्र मी कपड्यांचं डिझाईन करायचे. आईनं तसं सांगून ठेवलं होतं. "फॅशनचं हाय तिचं, कपड्यायचं," एवढंच, आणि विषय बदलायचा. त्याचा परिणाम असा की मी घरी आल्याचं कळलं की गल्लीतल्या बायका ब्लाऊजपीस घेऊन यायच्या. पाठीला कुठला गळा शोभेल, बाहीला लेस लावू का, असं विचारायच्या. मी पण काहीतरी ठोकून द्यायचे. एकीला मी सांगितलेला गळा इतका आवडला की तिनं तो दोन्ही लेकींच्या लग्नात शिवला. मला टाका घालता येत नाही, हे तिला आजतागायत माहीत नाही.

बुटांचं बोलायचं नाही, असं आईनं मला कधी सरळ सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. आमच्यासारख्या शेतीवाल्या घरांत जोडे-चपलांचं काम कोणी करायचं हे फार आधीच ठरलेलं असतं. आता कोणी ते तोंडानं म्हणत नाही. सगळे सुधारले आहेत. फक्त आपल्या पोरीनं ते केलं की तिच्या कामाचं नाव बदलतं. मला याचा इतका संताप यायचा की कधी कधी वाटायचं, चौकात उभं राहून ओरडून सांगावं. पण मी ओरडले कधीच नाही, गळेच सांगत राहिले.

आईनं पिशवी उघडून न बघताच ओळखली. "थे आत नोको आनू बाई." आतले बूट कोरे होते, कोणाच्या पायात एकदाही न गेलेले. तरी पिशवी गेली न्हाणीजवळच्या पत्र्याखाली, फवारणीच्या पंपाशेजारी. मी गुपचूप ती गच्चीवर नेली आणि तिथेच माझं ऑफिस मांडलं.

ती सुट्टी नुसती सुट्टी नव्हती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. रविवारी पाहुणे येणार होते. मुलगा यवतमाळचा, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा, स्वतःचं घर, निर्व्यसनी, माझ्याहून थोडा मोठा. फोटोत तर समंजसही दिसत होता. मुलगा वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. जमलं तर उन्हाळ्यात लग्न, आणि मी कायमची यवतमाळला. मी आईला म्हटलं, यवतमाळात स्नीकरचा कारखाना नाही.

"बरं झालं," आई म्हणाली आणि तूर निवडत राहिली.

याआधीची स्थळं मी परतवली होती, पण प्रत्येक वेळी काहीतरी आडून. एकाची पत्रिका जुळली नाही म्हणून मी आनंदानं झोपले. एकाचं घर खेड्यात होतं, एकाचा म्हणे स्वभाव रागीट होता. मला नोकरी सोडायची नाही, हे कारण मी कधी दिलंच नाही, कारण आमच्या घरात ते कारण म्हणून धरत नाहीत. ते म्हटलं तर हसतील आणि पुढे बोलतील. या वेळी बाबांनी सगळ्या वाटा आधीच बुजवल्या होत्या. पत्रिका जुळवून आणली होती, घर पाहून आले होते. वर मला म्हणाले, "आता नाही म्हनशीन तर काय कमी हाय थे सांगून म्हन." कमी काहीच नव्हतं, एवढीच अडचण होती.

मी गच्चीवर जाऊन कामाला लागले. आमच्याकडे पायाच्या आकाराचा एक प्लॅस्टिकचा ठोकळा असतो, त्याला लास्ट म्हणतात. त्याला सगळीकडून चिकटपट्टी गुंडाळायची, तिच्यावर पेन्सिलनं बूट काढायचा, मग ती पट्टी ब्लेडनं सोडवून कागदावर सपाट पसरायची. गोल पायावरचं चित्र सपाट कागदावर कुठे ताणलं जातं, कुठे सुरकुततं ते कळतं. घरी आल्यापासून मी तेच करत होते, कारण त्या वेळात मला दुसरं काही आठवत नसे.

"बाजी, थो कोनाचा पाय हाय?"

शेजारच्या गच्चीवरून आवाज आला. शेजारी गॅरेजवाल्यांचं घर, त्यांची नववीतली मुलगी. त्यांच्या घरातले सगळेच मला बाजी म्हणतात, म्हणजे ताई. तिला वाळत घातलेल्या डाळीची राखण करायला बसवलं होतं. डाळ सोडून ती मधली बुटकी भिंत ओलांडून आलीसुद्धा.

"कोणाचाच नाही. साचा आहे."

"बुटाचा?"

मी हो म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मीच दचकले. तिला काही विशेष वाटलं नाही. ती पिशवीतले बूट काढून उलटेपालटे करून बघू लागली, सोल वाकवून बघितला, नाकाशी नेऊन वासही घेतला.

"तर तुम्ही कपड्यायचं नाही करत?"

"नाही."

"मग काकू काहून सांगते तसं?"

मी म्हटलं, तिला विचार. तिनं ते सोडून दिलं, कारण तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. शाळेत प्रकल्प होता. वेगळं काम करणाऱ्या एका माणसाची मुलाखत घ्यायची. वर्गातल्या निम्म्या मुलींनी एकाच डॉक्टरला धरलं होतं आणि तो आता दवाखान्याचं दार लावून घ्यायला लागला होता. प्रश्न मॅडमनी छापून दिले होते. उत्तरं तेवढी आणायची.

"बाजी, तुमची घेऊ? अशी कोनाचीच नसन."

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं.

"घे," मी म्हटलं. "रविवारी ये. दुपारी, जेवणं झाल्यावर. घरात पाहुणे दिसतील, तरी परत जाऊ नको. आत ये आणि सुरू कर."

हिशेब साधा होता. ती विचारेल, मी खरं सांगेन. बूट, चामडं, रबर, सगळं नीट उलगडून. पाहुण्यांचे चेहरे उतरतील. चहा संपवून ते म्हणतील, कळवतो. आणि कळवणार नाहीत. मला नकार द्यायचा नव्हता, मला मिळायला हवा होता. शाळेच्या प्रकल्पावर कोण रागावणार? घरात कोणी काही बोललंच तर मी म्हणणार होते की लेकराशी खोटं कसं बोलायचं. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं आणि त्या रात्री कापसाच्या खाजेतही मला झोप लागली.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. हॉलच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं लोटलेली, पण कापसानं ती पुरती मिटेनात, फटीतून पांढरं दिसत होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणल्या आणि त्या ठेवायला जागा राहिली ती बाहेरच्या दाराशीच. मुलाचे वडील बरोबर उंबऱ्याला पाठ करून बसले. मला नेहमीच्या जागी बसवलं, देव्हाऱ्याखालच्या चटईवर. तिथून उठायचं म्हटलं तर सगळ्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं.

पोहे झाले. नाव, शिक्षण, भाऊ किती, मामेकूळ कुठलं. मुलाची आई म्हणाली, "उभं राहून दाखव बाई जराशीक," म्हणून मी उभी राहिले आणि त्यांनी माझी उंची मुलाच्या उंचीशी मनातल्या मनात लावून बघितली. मग त्यांची नजर माझ्या पायांवर गेली. मीही त्यांच्या पायांकडे बघत होते, सवयच आहे ती. मुलाचा अंगठा आत वळला होता. बरीच वर्षं एक नंबर लहान बूट घातल्याशिवाय असं होत नाही. त्याला ते सांगावं असं फार वाटलं.

कामाबद्दल कोणी काहीच विचारलं नाही. मी वाट बघत होते. पगार नाही, कंपनी नाही, काम काय तेही नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग ती आली. रविवार असून शाळेचा गणवेश घालून, तेल लावून घट्ट वेण्या घालून, परीक्षेचं पॅड छातीशी धरून. मुलाच्या वडिलांच्या खुर्चीमागे अडली आणि तिथूनच म्हणाली, "बाजी, मी आली."

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "आता नाही बाई, संध्याकाळी ये."

"काकू, बाजीनंच आता बोलावलं. मुलाखत घ्याची हाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी चटईची दशी ओढत बसले.

मुलाचे वडील मोकळे गृहस्थ निघाले. खुर्ची सरकवून त्यांनी तिला वाट दिली. "मुलाखत? घे ना मंग. आमाले जे विचारता नाही आलं थे तू विचार. आमीबी ऐकतो."

सगळे हसले, आईनं चहा दिला. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, पेनाचं टोपण काढलं आणि एकदम शाळेच्या आवाजात वाचलं, "आपला व्यवसाय कोणता?"

"मी बूट तयार करते," मी म्हटलं. "स्नीकर. त्यांचं डिझाईन."

बाबांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं, बंद होता तरी. मला आता थांबायचं नव्हतं. पुढचा प्रश्न होता, आपल्या कामाचे स्वरूप सांगा. मी स्वरूप सांगितलं, आणि असं सांगितलं की काही शिल्लक ठेवलं नाही. चामडं कसं निवडतात, गाईचं कोणतं, म्हशीचं कोणतं, हातानं ओढून ते कसं बघायचं, रबर तापल्यावर कसा वास येतो, कारखान्यात माझ्या टेबलावर दिवसभर बूटच बूट कसे असतात आणि मी डबासुद्धा त्यांच्यामध्येच कसा खाते. डब्याचं मी मुद्दाम सांगितलं. ती मान खाली घालून भराभर लिहीत होती. मी लिहिणारीकडे बघत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे.

चेहरे उतरले नाहीत. मुलाची आई पदराला लागलेला कापसाचा तंतू काढत होती. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. वडिलांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "माहीत हाय आमाले, बाई."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"चौकशी केल्याबिगर कोनी कोनाच्या घरी पाय ठेवते काय? आमच्या साडूचा पोरगा तिकडंच हाय चेन्नईले. त्यानं सारं काढलं. बुटाच्या कंपनीत हाय, नाव चांगलं हाय, वागनं चांगलं हाय." ते माझ्याकडे पाहून हसले. "आजकाल कोन पाह्यते थे, काम थे काम. अन् कायमचं थोडीच हाय? तुमच्या आईनं सांगतलंच हाय ना, लगनाच्या आंधी राजीनामा देते म्हनून."

मी आईकडे पाहिलं. ती ट्रेमधले कप नीट लावत होती. ते आधीच नीट होते.

दारव्हा, दिग्रस, आर्णी, यवतमाळ, या पट्ट्यात मुलीच्या घरी पाहुणे येतात ते तिची सात पिढ्यांची माहिती काढून. नातेवाईक नाही असं एकही गाव नाही. मी इथेच वाढले. माझ्या चुलतबहिणींच्या वेळी या चौकशा बाबांनीच केलेल्या मी ऐकल्या आहेत. आणि तरी मी धरून चालले होते की माझं काम कोणाला ठाऊक नसणार. परगावी राहून मी तेवढी परकी झाले होते. घरचे पाहुण्यांपासून बुटांचं लपवत आहेत, असं मी समजत होते. पाहुण्यांना सगळं माहीत होतं. त्या हॉलमध्ये जिच्यापासून काही लपवलेलं होतं, ती एकटी मीच होते.

मला आईचा भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली. या लोकांना माझे बूट चालत होते, चामडं चालत होतं, सगळं चालत होतं, कारण ते सगळं संपलेलं आहे असं धरूनच ते आले होते. मी आता काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते कौतुकानं ऐकून घेतलं असतं. चांगल्या माणसांपुढून पळायला वाट नसते.

मुलगा पहिल्यांदाच बोलला. "तुम्हाला रिकामं बसायला आवडणार नाही, हे मला समजतं. आपल्याकडे खालची खोली आहे. बुटीक काढता येईल."

"कशाचं?" मी विचारलं.

"कपड्यांचं वगैरे. तुम्हाला आवडेल ते."

तो मनापासून बोलत होता. मला रडू येईल असं वाटलं आणि रडले असते तर सगळ्यांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला असता, म्हणून मी पुन्हा चटईची दशी ओढू लागले. बाबांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. मुलाचे वडील म्हणाले, "चला, मंग पुढचं बोलू," आणि बाबांनी खुर्ची पुढे ओढली. माझं काम झालं होतं. मी उठून आत जायचं, एवढंच राहिलं होतं.

ती मुलगी अजून समोरच बसली होती. पेन वर धरलेलं. एकदा मुलाच्या वडिलांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"बाजी, तुम्ही काम सोडून राह्यल्या का?"

बाबांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

तिनं आणखी थोडं थांबून बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. "तर मले दुसरं कोनी पाहा लागीन," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतीच अडचण होती. "मॅडमनं सांगतलं, काम करून राह्यलेलाच मानूस पाह्यजे. सोडनारा नाही चालत." तिनं पॅडवरचा कागद काढून घडी घातली आणि दाराशी आपली चप्पल कुठे गेली ते बघायला ती उठली.

"बस," मी म्हटलं.

माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. ती उभीच राहिली.

"बस खाली. मी काम करते आहे. सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. कागद उघड. पुढचा प्रश्न विचार."

"पाहुन्यायसमोर हे काय लावलं?" बाबा म्हणाले.

"पाहुण्यांनाच सांगते आहे, बाबा."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. ते चिडले नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "मंग आमाले कायले बोलावलं?"

त्यांचा प्रश्न त्यांच्या बाजूनं अगदी रास्त होता. मी म्हटलं, "काका, राजीनाम्याचं मी म्हटलं नव्हतं. मला कोणी विचारलंही नव्हतं. तुम्हाला त्रास झाला, त्याचं मला वाईट वाटतं." ते खरंच वाटत होतं.

ते लोक मानानं गेले. कळवतो, असंही म्हणाले. बाबा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मुलगा बुटांच्या नाड्या बांधायला दारात वाकला आणि मान खाली ठेवूनच त्यानं विचारलं, "खरंच सोडणार नव्हता?" मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली आणि गाठ मारली. अंगठ्याचं मी त्याला सांगितलं नाही, तो हक्क आता राहिला नव्हता.

गाडी गेली तरी बाबा घरात आले नाहीत. फाटकाबाहेरूनच टोपी घालून चौकाकडे निघाले, ते मला खिडकीतून दिसलं. मी त्यांना हाक मारायला हवी होती. मारली नाही, कारण ते मागे वळले असते तर पुढे काय म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या, अर्धवट पोहे आणि चटईवर ती मुलगी. कागद पुन्हा उघडून पॅडला लावून बसलेली.

आई ताटल्या गोळा करायला आली. तिनं उरलेले पोहे एका ताटलीत ओढले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाहीच म्हनाचं होतं, तर तोंड होतं ना तुले? लेकराले कायले बसवलं मंधात?"

"तू त्यांना राजीनाम्याचं कबूल केलंस. मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर काय म्हनली असतीस?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हनून नाही विचारलं."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मीही ओरडले असते आणि दोघींना बरं वाटलं असतं. मला घरातून निघून जावंसं वाटत होतं आणि जायला जागा म्हणजे गच्ची, तिथे तेच बूट. माझी खोली तर कापसाची होती. मी चटईवरच बसून राहिले. एक लग्न टळलं होतं, पण मी सुटले असं मला मुळीच वाटत नव्हतं. आई पुन्हा स्थळ आणेल, मी पुन्हा याच चटईवर बसेन, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

"बाजी," ती मुलगी हळूच म्हणाली. तिला निघायची घाई झाली होती, पण काम अपुरं टाकून जाणारी ती नव्हती. "बाकीचे तुम्ही मघाशीच सांगतले. एकच राह्यला."

"विचार."

तिनं छापलेलं जसंच्या तसं वाचलं. "या क्षेत्रात येण्यासाठी आपल्याला घरच्यांचा पाठिंबा कसा मिळाला?"

मिळालाच असणार, हे मॅडमनी गृहीत धरलं होतं. फक्त कसा, तेवढं विचारलं होतं. आईच्या हातातल्या ताटल्यांचा आवाज थांबला. मी तोंड उघडलं. शाळेत चालेल असं काहीतरी सांगायचं मी ठरवलं होतं, की आईवडिलांच्या आशीर्वादानं वगैरे. एवढी गळ्यांची खोटी उत्तरं दिली, त्यात हे एक.

"लिही," आई म्हणाली. "नाही मिळाला."

मुलगी माझ्याकडे बघू लागली.

"तिच्याकडं काय पाह्यतं? मी घरचीच हावो ना? लिही, नाही मिळाला." आईनं ताटल्या दुसऱ्या हातात घेतल्या. "तरी करते थे. असं लिही."

ते तिनं रागानं म्हटलं होतं, यात मला शंका नाही. रागाशिवाय त्यात आणखी काही होतं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. मी त्या मुलीला लिही म्हणू शकले नाही आणि लिहू नको असंही म्हणू शकले नाही. ती आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली आणि मग घरात मोठं कोण ते बघून तिनं लिहायला सुरुवात केली.

आई उभीच होती. तिला लिहिता-वाचता येतं, पण चष्मा आत राहिला होता. लिहून झाल्यावर ती म्हणाली, "वाचून दाखव मले."

मुलीनं शाळेच्या आवाजात वाचलं, "घरच्यांचा पाठिंबा मिळाला नाही. तरी करते."

"बराबर हाय," आई म्हणाली आणि ताटल्या घेऊन आत गेली.